घरच्यासारखा दर

नाशिकच्या सिडकोतील सौ. ललिता धोंडीराम आहेर यांच्या पाळणाघराचा मासिक दर दीडशे रुपयांवरून दोनशे रुपये करावा, असा प्रस्ताव १९९८ सालच्या ऑगस्ट महिन्यात प्रथम मांडण्यात आला. तो ललिताबाईंनी मांडला. ऐकायला त्याच एकट्या होत्या. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत साधकबाधक चर्चा होऊन प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. आता तो मुलांच्या आईवडिलांना सांगायचा, एवढंच बाकी राहिलं होतं.

प्रस्तावाचं मूळ ललिताबाईंच्या पाठीत होतं. पाळणाघरात आठ मुलं. त्यांतली तीन अजून चालत नव्हती आणि दोन चालता येत असूनही चालायला राजी नव्हती. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, उचलायचं नाही, मदतीला एखादी बाई ठेवा. भांडी घासायला येणारी चिमणाबाई दुपारचे तीन तास यायला तयार होती. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "चारशे घेईन. त्यात कमी नाय." आठ मुलांचे पन्नास-पन्नास म्हणजे बरोबर चारशे. वर एक रुपयाही उरत नव्हता. ललिताबाईंना नफा नको होता, पाठ हवी होती. नाहीतर दिवाळीनंतर पाळणाघर बंद करायचं, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

अडचण एकच. पैशाचा आकडा त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नसे. सहा वर्षांपूर्वी पहिलं मूल आलं तेव्हा त्याच्या आईने विचारलं होतं, "किती घ्याल?" ललिताबाई म्हणाल्या होत्या, "द्या काय वाटेल ते." त्या बाईला दीडशे वाटले. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला दीडशेच वाटत आले. मधल्या काळात दूध वाढलं, रॉकेल वाढलं, सिटीबसचं तिकीट वाढलं. लोकांचं वाटणं मात्र होतं तिथेच राहिलं.

शिवाय दारावर पाटी होती: 'आहेर पाळणाघर. घरच्यासारखे संगोपन.' त्यातलं 'घरच्यासारखे' धोंडीरावांनी मुद्दाम लाल रंगात लिहिलं होतं.

पहिला प्रयत्न ललिताबाईंनी ज्योत्स्नावर केला. ज्योत्स्ना निकम अंबडच्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात होती. तिचा अमोल अडीच वर्षांचा, वजन चौदा किलो, आणि स्वभावाने चालण्याच्या विरोधात.

"ज्योत्स्ना, जरा बोलायचं होतं."

"बोला ना मावशी. काय केलं त्याने?"

"त्याने काही नाही गं. ते आपलं... दूध वाढलंय ना."

"अय्या, हो ना! काय ही महागाई! तुम्ही आहात म्हणून आमचं निभतंय बघा. तुम्हाला आम्ही परक्या मानतो का कधी? घरच्याच तुम्ही." असं म्हणून ज्योत्स्नाने पर्समधून एक ब्लाउजपीस काढला आणि ललिताबाईंच्या हातात कोंबला. "नाही म्हणायचं नाही हं!"

ललिताबाईंच्या कपाटातला हा त्रेचाळिसावा ब्लाउजपीस. आडनावच आहेर असल्यामुळे त्यांना रोख देण्यापेक्षा आहेर करणं लोकांना अधिक शोभून दिसत असावं. चांदवडकडच्या एका पालकांनी तर कांद्याचे भाव पडले होते त्या वर्षी फीऐवजी गोणीच टाकली होती, "घरचाच कांदा आहे मावशी, घरच्याच माणसाला." यंदा भाव चढले, तेव्हा फी रोखीत द्यायची असते हे त्यांना न सांगता आठवलं.

शेवटी ललिताबाईंनी नवऱ्याला सांगितलं. ही त्यांची चूक म्हणता येणार नाही. घरात दुसरं कोणी नव्हतं.

धोंडीराव जूनमध्येच निवृत्त झाले होते. कुठे होता असं कोणी विचारलं तर ते 'खात्यात' एवढंच सांगत. तिथे एकतीस वर्षं त्यांनी धरणांची, पाटांची आणि मोऱ्यांची अंदाजपत्रकं केली होती. त्यातलं काय काय प्रत्यक्षात बांधलं गेलं, हा वेगळा विषय. तो त्यांच्या शाखेकडे नव्हता.

"दर असा तोंडाने सांगायचा नसतो," ते म्हणाले. "आधी दराचं पृथक्करण करावं लागतं. आपण कायदेशीर करू."

"अहो, मला फक्त पन्नास वाढवून हवेत."

"हवेत म्हणून कोणी देतं का? काढावे लागतात."

सोमवारी सकाळी धोंडीराव टेप, वही आणि रद्दीवाल्याकडून मागून आणलेला काटा घेऊन कामाला लागले. आठही मुलांची वजनं झाली. अमोलला काट्याला लटकवला तेव्हा तो इतका खूश झाला की पुढे आठवडाभर त्याला तेच हवं होतं. मग बाबी पडल्या. बाब एक, मूल जमिनीपासून कंबरेपर्यंत उचलणे, उंची पंचाऐंशी सेंटिमीटर. बाब दोन, मूल उचललेल्या अवस्थेत मोरीपर्यंत वाहून नेणे, अंतर सहा मीटर, येताना निम्मा दर. बाब तीन, भरवणे. इथे खोदकामाप्रमाणे तीन थर धरण्यात आले: वरणभात म्हणजे मऊ माती, पोळी म्हणजे मुरूम, आणि दुधीची भाजी म्हणजे कठीण खडक. बाब चार, दुपटी. तिला त्यांनी 'पाणी उपसणे' या शीर्षाखाली घेतलं आणि पावसाळ्यासाठी वेगळा दर लावला.

"आणि मजुरी कोणती धरली?" ललिताबाईंनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

"अकुशल. स्त्री."

"अकुशल?"

"राग मानू नकोस. खात्याच्या दरसूचीत संगोपन ही बाबच नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे घमेली वाहणे. ते धरलं."

"घमेलं रडत नाही हो."

"रडण्याची तरतूद किरकोळ खर्चात केली आहे. तीन टक्के."

अशा रीतीने दर माणशी सहाशे बारा रुपये चाळीस पैसे निघाला. ललिताबाईंना घाम फुटला. ज्यांना दोनशे म्हणता येत नव्हतं, त्यांनी सहाशे बारा कसं म्हणायचं? आणि वरचे चाळीस पैसे? पण धोंडीराव आता मागे हटणार नव्हते. त्यांनी पालकांची सभा बोलावली, रविवारी सकाळी दहा वाजता, विषयपत्रिकेसह.

सभेला सोळा पालक आले. ललिताबाईंनी सोळा बशा पोहे केले, मग चहा केला, मग काहींनी साखर कमी सांगितली म्हणून दुसरा केला. बाहेरच्या खोलीत काय चाललंय ते त्यांना स्वयंपाकघराच्या दारातून ऐकू येत होतं. जागा नसल्यामुळे त्यांना सभेत बसवलं नव्हतं.

सहाशे बाराचा आकडा वाचला गेला आणि पोहे एकदम शांतपणे खाल्ले जाऊ लागले. मग वाल्मीक सर उभे राहिले. ते एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि त्यांची वैष्णवी इथे दोन वर्षं होती.

"आहेरसाहेब, तुमची मेहनत मोठी आहे," सर म्हणाले, "पण पद्धत चुकली. दर खर्चावर ठरत नसतो, बाजारावर ठरतो. बाजारात ह्याच मालाला काय भाव आहे, ते बघायचं."

"मान्य," धोंडीराव म्हणाले. त्यांना पद्धत या शब्दाबद्दल फार आदर होता.

"आता माल कोणता? तुमच्याच पाटीवर लिहिलंय. घरच्यासारखे संगोपन. म्हणजे घरी जे संगोपन होतं, त्याचा चालू दर काढला की झालं. मला सांगा, इथे कोणाकडे घरी मुलं सांभाळली जातात?"

सगळे हात वर झाले. गावाकडे कोणाची आई नातवंडं सांभाळत होती, कोणाची वहिनी, सायखेड्याच्या एकांची मोठी बहीण तर सगळ्या भावंडांची मुलं सांभाळत होती.

"त्यांना दरमहा काय देता?"

मग एक जण म्हणाला, "भाऊबीजेला साडी देतो की."

"ती भेट झाली. दर सांगा."

दर कोणालाच सांगता येईना. वाल्मीक सरांनी अखेर धोंडीरावांकडेच बघितलं. "आहेरसाहेब, वहिनींनी तुमची मुलं वाढवली. काय दराने?"

"तो प्रश्नच उद्भवत नाही," धोंडीराव म्हणाले.

"म्हणजे शून्य. लिहून घ्या."

धोंडीरावांनी लिहून घेतलं. सभेचे चिटणीस तेच होते.

पुढचं सगळं ओघाने झालं. घरच्यासारख्या संगोपनाचा प्रचलित दर शून्य असल्यामुळे सध्याचा दीडशेचा दर हा दीडशेने जास्त आहे, असं सभेच्या निदर्शनास आलं. गेली सहा वर्षं झालेल्या जादा अदायगीचं काय, असा मुद्दा एकाने काढला आणि वसुलीची भाषा सुरू झाली. तेव्हा ज्योत्स्ना कळवळून उठली. "असं काय करता! मावशी काय परक्या आहेत का? सोडून द्या!" टाळ्या पडल्या. वसुली माफ करण्याचा आणि दीडशेचा दर केवळ आपुलकीपोटी पुढे चालू ठेवण्याचा ठराव मंजूर झाला. खाली सह्या झाल्या. पहिली सही धोंडीरावांची.

"कागद बरोबर आहे," सगळे गेल्यावर ते बायकोला म्हणाले. "कुठे बोट ठेवायला जागा नाही."

ललिताबाई पाठ धरून मोरीपाशी बसल्या. चिमणाबाई कप मोजत होती.

"सोळा कप, सोळा बशा, कढई येगळी," चिमणाबाईने बाहेरच्या खोलीकडे बघून आवाज दिला. "ओ साहेब! पावण्यांचे पंधरा रुपये व्हत्यात."

धोंडीराव आले, खिशातून पंधरा रुपये काढून दिले आणि वर्तमानपत्राकडे परत गेले. पृथक्करण नाही, सभा नाही, काही नाही.

ललिताबाई त्या नोटांकडे बघत राहिल्या. "चिमणाबाई, तू मागतेस कशी गं? तुला लाज नाही वाटत?"

"मला कशाची लाज? मी काय तुमची कोण हाय?" चिमणाबाईने कढई उपडी घातली. "मी परकी हाय, म्हणून मला पगार हाय. तुमी लय घरच्या झाल्या ताई. तिथंच फसल्या."

दुपारी मुलं नव्हती. ललिताबाईंनी दारावरची पाटी उतरवून घेतली आणि माळ्यावरचा लाल रंगाचा डबा काढला. 'घरच्या' ही तीन अक्षरं चिमणाबाईने तारेच्या घासणीने खरडून काढली. ("घासायचं काम माझंच. ह्याचे पाच.") त्या जागी ललिताबाईंनी 'परक्या' लिहिलं. अक्षरं तेवढीच लागली. मग खाली दर लिहायला बसल्या. तोंडाने जो आकडा निघत नव्हता तो ब्रशने सहज निघत होता. दोनशेतला 'दो' काढणार, एवढ्यात त्यांना पोह्याच्या सोळा बशा आठवल्या. त्यांनी तीनशे लिहिलं. पुढे 'आगाऊ' लिहिलं.

'आहेर पाळणाघर. परक्यासारखे संगोपन. दरमहा रुपये तीनशे, आगाऊ.'

सोमवारी सकाळी दारापाशी स्कूटरींची रांग लागली आणि पुढे सरकेना. ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, आमचं काही चुकलं का?" ललिताबाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. बोट दाखवायला आकडा उच्चारावा लागत नाही.

वाल्मीक सरांनी पाटी दोनदा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. "परक्यासारखे," ते पुटपुटले. "म्हणजे प्रोफेशनल!"

हा शब्द रांगेतून मागे गेला आणि परत आला तेव्हा प्रत्येकाच्या हातात पाकीट होतं. आठवडाभरात बातमी इंदिरानगरपर्यंत पोचली, की सिडकोत एक प्रोफेशनल पाळणाघर आहे, तिथे मुलांशी अगदी परक्यासारखं वागतात. दिवाळीपर्यंत नाव नोंदवायला लोक वशिले लावू लागले. 'मावशी'च्या 'मॅडम' झाल्या. ब्लाउजपीस बंद झाले, कारण मॅडमना ब्लाउजपीस कसा द्यायचा? चिमणाबाई दुपारची येऊ लागली, चारशे रुपयांवर, आणि पाठ पुष्कळ सुधारली.

एकदा मात्र ज्योत्स्ना संध्याकाळी घुटमळत थांबली. "मॅडम, जरा बोलायचं होतं. अमोल सांगतो, तुम्ही त्याला मांडीवर घेऊन भरवता. गाणंही म्हणता. घरच्यासारखं तर नाही ना होत? आम्ही तीनशे भरतो."

"छे हो," ललिताबाई म्हणाल्या. "मांडी परक्यासारखीच असते."

ज्योत्स्नाचा जीव भांड्यात पडला.

धोंडीरावांचं या सर्व घडामोडींवर बारीक लक्ष होतं. पद्धतीत बसत नव्हतं, पण आकडे बरोबर होते. एका संध्याकाळी मुलं गेल्यावर त्यांनी आरामखुर्चीतून नेहमीप्रमाणे हाक मारली, "अगं, चहा टाक."

ललिताबाई पुढच्या महिन्याची नावं लिहीत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "घरच्यासारखा हवा की परक्यासारखा?"

धोंडीरावांनी पुष्कळ विचार केला. एकतीस वर्षांच्या अनुभवाने दोन्ही बाजूंचा खर्च तपासला. मग सावधपणे म्हणाले, "घरच्यासारखा."

"मग घ्या करून. घरचेच आहात."

बराच वेळ स्वयंपाकघरातून डबे उघडल्याचे आणि बंद केल्याचे आवाज येत राहिले. एक झाकण पडलं. शेवटी आतून केविलवाणा आवाज आला, "अगं, साखर कुठल्या डब्यात असते?"

आपल्या घरातली साखर कुठल्या डब्यात असते, हे ज्यांना जागचं न उठता आणि कोणाला न विचारता सांगता येईल, त्यांनी धोंडीरावांना खुशाल हसावं. बाकीच्यांनी, हे वाचताना बाजूला ठेवलेला कप रिकामा झाला असेल, तर तो मोरीपर्यंत स्वतः वाहून न्यावा. अंतर सहा मीटर. येताना निम्मा दर.