दोन सीटांची वरात

माणसानं लग्न खुशाल करावं, पण वरातीची मोटार निवडायचं काम अंगावर घेऊ नये. मी घेतलं. त्याचं कारण असं की आमच्या सगळ्या भावकीत कलेक्टर कचेरीत खुर्ची असलेला मी एकटाच (खुर्चीचा एक हात निखळलेला होता, पण ते गावाकडं सांगितलेलं नव्हतं), आणि कचेरीतल्या माणसाला सगळ्यातलं सगळं कळतं अशी आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, पक्की खात्री होती. लातूर नवा जिल्हा झालेला. मी टंचाई शाखेत लिपिक. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला, त्यामुळं बाकी जिल्हा वाळून चालला असला तरी आमची शाखा अगदी बहरात होती.

लग्न ठरलं नांदेडच्या विशाखाशी. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर. सकाळी लातूरला लग्न आणि संध्याकाळी आमच्या गावी, शिरूर अनंतपाळला वरात, असं ठरलं. नांदेडला भीमाशंकर नावाचा एक इसम लग्नाला मोटारी भाड्यानं देत असे. दादांना घेऊन मी त्याच्याकडं गेलो.

शेडमध्ये दोन मोटारी उभ्या होत्या. एक लालभडक, बुटकी, विलायती. डोक्यावर टप नाही, मागं सीट नाही. दुसरी काळी, लांब, चार दारांची.

"ही लाल म्हंजे रेसची गाडी," भीमाशंकर म्हणाला. "हैद्राबादच्या जहागीरदाराची. गाडी न्हाई, विमान हाय."

"आणि काळी?"

"ती बी कमी न्हाई. इंजीन मोठं बसवून घेतलंय. आत बसून चहा प्या, थेंब सांडनार न्हाई, आन तेवढ्यात दोन ट्रक मागं पडत्याल."

मी काळीच्या बाजूचा. तिच्यात सगळं घर मावत होतं, वर छत होतं, आणि निघताना मायनं बजावलं होतं, "बुद्धाच्या रीतीनं लगीन, पोरीचं लुगडं पांढरं असनार हाय, रं. फुफाटा किती हाय सडकेला. बंद मोटार बघ." हे सगळे मुद्दे मी दादांपुढं रीतसर मांडले. दादा ऐकत नव्हते. ते लाल मोटारीपाशी उभे राहून तिच्या दारावरून हात फिरवत होते.

"दादा, तिच्यात दोनच माणसं बसतात."

"वरातीत मानसं किती असत्यात?" दादा म्हणाले. मग माझ्याकडं न बघताच बोलले, "माझा बाप पेठेतून जाताना पायतान हातात घेऊन जायचा. भात्तरच्या दुष्काळात त्याच सडकेची खडी म्या फोडली. आता माझा लेक तिच्यावरून बंद डब्यात बसून गेला, तर दिसंल का कुनाला?"

मी माझे मुद्दे दप्तरदाखल केले. लाल मोटार वरातीला ठरली आणि काळी घरच्या मंडळींना.

"एक अट हाय," भीमाशंकर म्हणाला. "लाल गाडीला आमच्या शरणप्पाशिवाय कुनी हात लावायचा न्हाई."

"हात कशाला लावू? आम्ही नुसते बसणार," मी ऐटीत म्हणालो.

लग्न ठरल्याप्रमाणं झालं. संध्याकाळी शिरूरच्या स्टँडवर वऱ्हाड उतरलं. हलगीवाले, बँडवाले तयार. पाणी नसल्यामुळं शरणप्पानं लाल मोटार कोरड्या फडक्यानं घासून घासून आरशासारखी केली होती. हा शरणप्पा उदगीरकडच्या सरहद्दीवरचा, साठीचा, निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलणारा. मिशीला तेल लावून तो स्टिअरिंगमागं बसला. मी त्याच्या शेजारी बसलो, गळ्यातला हार सारखा केला आणि पेठेकडं बघून हसण्याची तयारी केली.

"मी कुठं बसू?"

दाराशी विशाखा उभी होती.

मी तिच्याकडं बघितलं. मग शरणप्पाकडं. मग पुन्हा तिच्याकडं. अंगातलं रक्त थेट विलायती बुटात उतरल्यासारखं झालं. सबंध जिल्ह्याला माणशी पाणी वाटणारा मी. आणि दोन सीटांत नवरा, नवरी आणि ड्रायव्हर अशी तीन माणसं बसत नाहीत हे माझ्या, दादांच्या किंवा सोयऱ्यांच्या, कुणाच्याही टाळक्यात आलं नव्हतं.

"शरणप्पा, तुम्ही जरा उतरता का?"

"मग गाडी कोन चालवनार?"

"ते... बरोबर आहे." (मला सायकलसुद्धा उतारावर जमत नाही.)

"नवरीला मांडीवर घे," एक काका म्हणाले. बायका किंचाळल्या.

"मागं टपावर बसवा," दुसरे म्हणाले.

"मोटारीला टप न्हाई," तिसऱ्यांनी लक्षात आणून दिलं.

माय काळ्या मोटारीतून ओरडली, "म्या म्हनलं हुतं! म्या म्हनलं हुतं का न्हाई?"

विशाखा शांत होती. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन राहिले का मग? मी येते मागून." त्या 'दोघं'वर सासरच्या बायका अशा हसल्या की माझे कान तापले.

तापले ते नुसते कानच नव्हते. या गोंधळात लाल मोटारीचं इंजीन जागेवर धडधडत होतं, आणि त्या विमानाची खोड अशी की पळालं तर थंड, थांबलं तर भट्टी. शरणप्पानं काट्याकडं बघितलं आणि तो ताडकन ओरडला, "बिसि! बिसि!"

बिसि म्हणजे कानडीत गरम, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, शिट्टी वाजवा म्हणतोय. मी दोन बोटं तोंडात घातली, आणि तेवढ्यात त्यानं क्लच सोडला.

मोटार उडाली. बँडवाल्यांनी दोन्ही बाजूंच्या दुकानांत उड्या टाकल्या. पुढं दादा उभे होते. आपल्या लेकाची मोटार येतेय म्हणून त्यांनी हात पसरून लोकांना बाजूला सारलं, आणि त्यांचे पसरलेले हात खाली यायच्या आत मी त्यांच्यापुढून निघून गेलो होतो. ज्या पेठेतून आमच्या आजोबांना मान खाली घालून जावं लागे, ती पेठ मी दोन बोटं तोंडात घालून पार केली. कुणाला दिसलो असेन असं वाटत नाही.

"थांबवा! शरणप्पा, थांबवा!"

"थांबलं की बिसि!"

"वळवा तरी!"

"जागा कुठं हाय?"

गाव संपलं. नळेगावचा रस्ता लागला. फेटा कधी उडाला ते कळलं नाही, हारातली फुलं एकेक करून शेतांत गेली आणि उरला नुसता दोरा. फुफाट्यानं माझा पांढरा पोशाख शेणखताच्या रंगाचा झाला. शेवटी एका वस्तीपाशी चढ आला, मोटारीनं फुस्स केलं आणि पुढून पांढरी वाफ सोडत ती थांबली. शरणप्पा घाईनं उतरला आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळलं. बिचाऱ्याचा उजवा पंजा भाजला. तो "अय्यय्यो" करत बांधावर बसला.

आता पाणी हवं होतं. पहिल्याच घरापुढं एक म्हातारी बसली होती. तिचं नाव केवळाबाई, हे पुढं कळलं. नवरदेवाचा अवतार बघून तिनं न मागताच तांब्या पुढं केला. मी "प्यायला नेतो" असं पुटपुटत मोटारीपाशी गेलो, अर्धं पाणी शरणप्पाच्या हातावर आणि अर्धं मोटारीत ओतलं. परत आलो.

"आजी, अजून एक मिळेल?"

तिनं दिला. तोही मोटार प्याली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिच्याभोवती बायका जमल्या होत्या.

"बाबा, तुला लगीन मानवलं न्हाई का? किती पितुयास?"

"ऊन फार आहे," मी म्हणालो. सूर्य बुडत आला होता.

"कुठं नोकरीला हायस?"

घसा कोरडा असूनही माझा आवाज आपोआप भारदस्त झाला. "कलेक्टर कचेरीत. टंचाई शाखेत."

एकदम सगळं गप्प झालं. ही शांतता मला ओळखीची होती. मोर्चे घोषणा द्यायच्या आधी असे गप्प होतात.

"टँकरचं तुमीच बघता का मग?" केवळाबाईनं विचारलं. "आमच्या वस्तीचा कागद दोन डाव माघारी आला. म्हनं, हीर वस्तीपासनं किती लांब हाय ते लिवलं न्हाई. कोन हाय तिथं असं इचारनारं?"

तिथं असं विचारणारा मीच होतो. पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं (सरकली असती तर बरं, निदान आत पाणी लागलं असतं). एक तरणी बाई रिकामी घागर काखेत घेऊन पुढं आली आणि म्हणाली, "चला, साहेब. आत्ता दावते किती लांब हाय ते."

आणि मी गेलो. वरातीच्या संध्याकाळी, विलायती बूट घालून, बायकांच्या रांगेमागून मी विहिरीपर्यंत चालत गेलो. बूट असे चावले की ते अंतर मी जन्मात विसरणार नाही. विहिरीच्या तळाला ताटाएवढं पाणी होतं आणि एक पोरगी आत उतरून वाटीनं घागर भरत होती. केवळाबाईनं मला दिलेले तांबे इथून, असे आलेले होते. आणि ते मी मोटारीला पाजले होते.

परत आलो तर वस्तीपाशी काळी मोटार उभी. सगळं घर खाली उतरलेलं. तिच्या डिकीत रात्रीच्या पंगतीसाठी लातूरहून भरून आणलेले पाण्याचे डबे होते. मी मायला बाजूला घेऊन झालेलं सगळं सांगितलं. मायनं माझ्या बुटांकडं बघितलं, चेहऱ्याकडं बघितलं आणि काळीच्या ड्रायव्हरला म्हणाली, "काढा डबे. ह्या बायांच्या घागरीत वता."

"आन पंगतीला?" दादा दचकले.

"अर्ध्या अर्ध्या गिलासात भागवू. त्यांनी दारात आलेल्याला पानी दिलं. आपन ते मोटारीला पाजत बसावं का?"

निम्मे डबे घागरींत रिकामे झाले. केवळाबाईनंच हट्टानं एक भरला डबा परत लावला. म्हणाली, त्या लाल धुडालाबी घरी जायचंच हाय की. (त्या वस्तीचा कागद मी लग्नाच्या रजेतच निकाली काढला. साहेबांना वाटलं, माझं घरी पटत नाही.)

राहता राहिली वरात. दादा खाली मान घालून लाल मोटारीपाशी उभे होते. त्यांची सगळी हौस फुफाट्यात गेली होती. शरणप्पाचा हात फडक्यात गुंडाळलेला, काळीचा ड्रायव्हर ती सोडून येऊ शकत नव्हता.

"मामा," विशाखा म्हणाली, "मी चालवू का?"

दादांनी चमकून वर बघितलं. मी तर बघतच राहिलो.

"आमच्या बाबांनी शिकवली. विष्णुपुरीच्या मोकळ्या सडकेवर ट्रकसुद्धा चालवलाय मी." मग शरणप्पाकडं वळून म्हणाली, "काका, भीमाशंकरला सांगू नका."

शरणप्पानं आपल्या भाजलेल्या हाताकडं बघितलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. तिनं पदर खोचला, आरसा आपल्या उंचीला लावला, मला म्हणाली, "तुम्ही डबा धरा. तापली की मी थांबवते, तुम्ही उतरून ओता."

अशी आमची वरात पेठेत शिरली. बँडवाले घाबरत घाबरत पुढं, त्यांच्यामागं छाती काढून दादा, त्यांच्यामागं लाल मोटार. पांढऱ्या लुगड्यातली विशाखा एका हातानं स्टिअरिंग फिरवत होती आणि दुसऱ्यानं लोकांना जयभीम घालत होती. माझ्या मांडीवर पत्र्याचा डबा. दर थोड्या अंतरावर मी खाली उडी मारून झाकणावर फडकं टाकायचो, पाणी ओतायचो आणि पळत येऊन बसायचो. सगळी पेठ दारात आली होती. बायका तोंडावर हात ठेवून बघत होत्या. म्हातारी माणसं ओट्यावर उठून उभी राहिली. दादांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

पेठेच्या मध्यावर गुरुलिंग किराणावाले दुकान सोडून हार घेऊन पुढं आले. मोठा माणूस. त्यांनी हात वर करून वरात थांबवली, दादांना मिठी मारली आणि म्हणाले, "ग्यानोबा, मानलं बाबा तुला! सून बघावी तर अशी. वाघीन हाय वाघीन!"

गुरुलिंगांनी वाकून मोटारीत बघितलं, मागं काळ्या मोटारीकडं बघितलं, मग माझ्याकडं बोट करून दादांना म्हणाले, "पर ह्या क्लीनरला आता उतरव की. नवरदेवाला बसू दे."

आणि सांगायला लाज वाटते, पण तिथल्या तिथं मी डबा घेऊन खाली उतरलो.