खारीच्या निशाणाखाली पाच जणींनी केलेल्या स्वारीची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास नमन. जे पुढे धावतात त्यांस नमन, आणि जे मागाहून पोहोचतात त्यांस अंमळ थांबून नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, मंदवासर. आपल्याकडे त्यास दिवाळीचा पाडवा म्हणतात, तिकडे नुसता शनिवार म्हणतात. ते दिवशी सातासमुद्रांपलीकडे अमेरिका खंडी, मक्याच्या मुलखात, एका लहान विद्यापीठाने जी शर्थ केली तिचे वर्तमान येणेंप्रमाणे.

संस्थान लहान. रयत म्हणजे विद्यार्थी अकराशे, आणि भोवती मका, आणि मक्याच्या पलीकडे शेजाऱ्याचा मका. इतर संस्थानांच्या निशाणांवर लांडगे, अस्वले, गरुड, आणि या संस्थानच्या निशाणावर खार. खार का, ऐसे कोणी पुसिल्यास जुने लोक सांगत की मूळपुरुष पाद्रीबाबा पायाचा दगड बसवीत असता एका खारीने त्यांच्या टोपीत अक्रोड आणून ठेविला, तो शकुन जाहला. संस्थान लहान, परंतु फौजा चौदा. फुटबॉलाची फौज आहे, ती चेंडू हातांनी खेळते आणि नाव पायाचे घेते. तो त्या मुलखाचा रिवाज, आपण बोलू नये. पोहण्याचे पथक आहे, तलाव नाही. शेजारगावी तलाव आहे, तेथे सकाळचा वृद्धांचा जलव्यायाम उरकला की पथकास पाण्यात उतरण्याची परवानगी. आणि एक पथक क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे माळरानातून, चढउतारांवरून, चिखल लागल्यास चिखलातून सहा हजार मीटर धावणाऱ्या मुलींचे. त्या पथकाच्या सरनौबत विनिफ्रेडबाई ओस्टरगार्ड. वय एकसष्ट, केस आखूड, गळ्यात शिट्टी. रानधाव त्यांच्याकडे, गोळाफेक त्यांच्याकडे, पथकाची गाडी हाकणे त्यांच्याकडे, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणे त्यांच्याकडे, आणि कपडे धुण्याचे यंत्र अडून बसल्यास त्यास लाथ घालण्याचा मानही त्यांचाच.

या बाईंनी सव्वीस वर्षांमागे पथकास एक कायदा घालून दिला होता. शर्यत पुरी करून आलेल्या मुलीने आपल्यातली शेवटली रेघ ओलांडीपर्यंत बूट सोडायचे नाहीत, बसायचे नाही आणि खायचेही नाही. कारण पुसता बाई एवढेच म्हणत, "शेवटली दमून येते, आणि समोर सारी आपली मोजे वाळवीत बसलेली दिसतात. तिला वाटते, दुकान बंद जाहले. ते वाटू द्यायचे नाही." कायदा कोठे लिहिला नव्हता, परंतु शर्यतीस उतरणाऱ्या आठही संस्थानांत ठाऊक होता, आणि लांडगेवाले त्यावर हसत, आणि खारीवाल्या मुली बुटांत उभ्या राहत.

मग जाहले ऐसे की, या शर्यतीत फौज तेव्हाच मोजली जाते जेव्हा तिच्या पाच जणी रेघ ओलांडतात. चार आल्या तर त्या चौघी आल्या, फौज आली नाही. आणि मागील दोन वर्षे खारीच्या निशाणाखाली चारच आल्या होत्या, एकदा ताप आडवा आला, एकदा गांधीलमाशी. तेव्हा आठ संस्थानांच्या मंडळाचे पत्र आले, आणि अध्यक्ष थॅडियस हॉलोवेल यांणी बाईंस बोलावून घेतले. अध्यक्ष स्वभावे गोड, कटू गोष्ट सांगण्यापूर्वी बिस्किट पुढे करीत. त्यांणी बिस्किट पुढे केले, आणि बाई काय ते समजल्या.

"बाई, यंदाही पाच आल्या नाहीत तर मंडळ आपले नाव काढणार. मग पथक ठेवून तरी काय करावे? तुमच्या खोलीत संगणकावर खेळणारे नवे पथक बसवावे म्हणतो."

"बसूनच खेळतात का?" बाईंनी पुसिले.

"खुर्च्या आल्यादेखील," अध्यक्ष म्हणाले, आणि लाजले.

बाई बिस्किट न खाता उठल्या. सव्वीस वर्षे जे मांडिले ते चार चाकांच्या खुर्च्यांखाली जाणार, हे शल्य उरात घेऊन निघाल्या, आणि पाचही मुलींस तळहाताच्या फोडासारखे जपू लागल्या. आणि शर्यतीस चार दिवस उरले असता पाचवी जी जुडिथ, जिने सारा मोसम खडक आणि खड्डे तुडवून पाय शाबूत राखिला होता, ती भोजनशाळेच्या पायरीवर सूप घेऊन उतरता पाय मुरगळून बसली. सूप वाचले. घोटा गेला.

तेव्हा बाईंनी मसलत केली, आणि मसलतीस दुसरे कोणी नसल्यामुळे ती लवकर संपली, आणि त्या थेट गोळाफेकीच्या वर्तुळाकडे गेल्या. तेथे लेटिशिया ड्वोराक गोळा फेकीत होती. ही त्या मुलखातली थोर बळाची मुलगी, खांदे ऐसे की दारातून तिरके होऊन शिरावे. पहिल्या वर्षी मोठ्या सामन्यात तिचे तिन्ही गोळे दूर गेले, परंतु तिन्ही वेळा पाय वर्तुळाबाहेर पडला, तिन्ही वेळा पंचांचे तांबडे निशाण वर गेले, आणि सारी मेहनत पाण्यात. तेव्हापासून तीन वर्षे बाई रोज तिच्या कानीकपाळी ओरडत आल्या होत्या, "रेघ, लेटी, रेघ! ओलांडलीस की गेले!" आणि ते तिच्या अंगी ऐसे मुरले की भोजनशाळेत रांगेसाठी मारलेल्या पट्टीपाशीही ती अंगठा राखून उभी राही.

"लेटी, शनिवारी धावायचे आहे."

"कोणाच्या मागे?"

"साऱ्यांच्या मागे धावलीस तरी चालेल. सहा हजार मीटर."

लेटीने गोळा खाली ठेविला. "बाई, मी गोळा फेकते तो एवढ्याचसाठी, की त्याने जावे आणि मी राहावे."

"चौघी आहेत. पाचवी नसली तर पुढील साली त्या चौघीही नाहीत."

लेटीने हातावरची पांढरी भुकटी चड्डीस पुसली, आणि पुष्कळ वेळ मक्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "बूट कोणते घालू?" बाईंनी तिकडे तोंड फिरवून शिट्टी पुसल्यासारखे केले.

मग शनिवार उजाडला. वारा उत्तरेचा, गवतावर दहिवर, आठ संस्थानांच्या गाड्या लागल्या, आणि अध्यक्ष खुद्द खारीच्या शेपटीची टोपी घालून आले. मुख्य पंच अमॉस बर्कहोल्डर, वय अठ्ठ्याहत्तर, उमेदीत डुकरे पाळीत, आता वसंतात गोळाफेकीचे आणि शरदात रानधावेचे निवाडे करीत. बार उडाला आणि त्रेसष्ट जणी वाऱ्यासारख्या गेल्या आणि चौसष्टावी लेटी हवामानासारखी गेली, म्हणजे गेली खरी, परंतु सावकाश. आणि मग लांडगेवाल्या आल्या, गरुडवाल्या आल्या, आणि त्यांत खारीवाल्या चौघीही मानाने आल्या, आणि रीतीप्रमाणे बुटांत उभ्या राहिल्या. भोवती इतर मुली कांबळी पांघरून, मोजे काढून, गरम कोको पीत बसल्या. लांडगेवाली एक म्हणाली, "अगं बसा की, पाय निळे पडतील." खारीवाली म्हणाली, "आमचे बूटच निळे आहेत, कळायचे नाही."

तेव्हा मोठे संकट उभे राहिले. यादीवाले कारकून उठून बोलिले, "यादीत त्रेसष्ट, आल्या त्रेसष्ट. आटपा." जाहले होते ऐसे की जुडिथचे नाव यादीतून खोडले, आणि लेटीचे पुरवणी कागदावर लिहिले, आणि पुरवणी कागद कारकुनांच्या मोटारीत सॅन्डविचाखाली राहिला. लोकांनी शेवटच्या वाटेची तांबडी-पांढरी निशाणे उपटली आणि वेळ नोंदणारी चटई गुंडाळू लागले. चटई गेली की शर्यत मिटली, मग पाठीमागून येणारी कोणी येवो, ती रानात फिरावयास गेलेली मुलगी. विनिफ्रेडबाई धावल्या. "थांबा! माझी एक यायची आहे."

"बाई, यादीत नाही."

"रानात आहे!"

"यादीत नाही, बाई."

तेव्हा बर्कहोल्डरबाबा काठी टेकीत आले. त्यांणी यादी पाहिली नाही, टेकडीकडेही पाहिले नाही. त्यांणी खारीवाल्या चौघींच्या पायांकडे पाहिले.

"त्यांचे बूट पायांत आहेत?"

"आहेत," कारकून बोलिले.

"नाड्या?"

"बांधलेल्या."

"मग शर्यत चालू आहे. चटई पसरा."

"पण बाबा, यादी..."

"यादी काल लिहिली. बूट आत्ता आहेत."

हे शब्द वाऱ्यावर गेले, आणि जे लांडगेवाले सव्वीस वर्षे हसत आले त्यांतली एक उठली आणि बूट चढवू लागली, घाईत उजवा डाव्या पायात, आणि मग दुसरी उठली, आणि गरुडवाल्याही उठल्या, आणि कोको गवतावर थंड होत राहिला. परंतु टेकडी अजून रिकामी होती. मग तीवर एक ठिपका दिसला, मग ठिपक्यास खांदे आले, मग तोंड आले, ते बीटासारखे लाल. लेटी येत होती. चार पावले धावे, दोन पावले चाले, आणि पुन्हा चार धावे. आठही संस्थाने एका तोंडाने ओरडू लागली, आणि लेटी आली, आली, रेघेपाशी आली, आणि थांबली.

थांबली ती अंगठा पांढऱ्या रेघेपासून बोटभर राखून. हात कमरेवर, डोळे अर्धे मिटलेले, आणि देह जागच्या जागी हलत होता.

"का थांबली?" अध्यक्षांनी टोपी हातात घेतली. कोणी ओढून घ्यावे तर कायदा ऐसा की धावणारीस कोणाचे बोट लागले तर ती बाद. का थांबली हे त्या मैदानावर बाई एकट्याच जाणत होत्या. तीन वर्षे कानात भरिले ते आता पायात उतरले होते.

"लेटी, ओलांड!"

"फाऊल होईल, बाई," लेटी मान न उचलता म्हणाली.

"होत नाही! ओलांड!"

"तुम्हीच सांगता."

बर्कहोल्डरबाबा जाणते. गोळाफेकीत सारे बरोबर असता पंच पांढरे निशाण दाखवितात, हे स्मरून त्यांणी उपटलेल्यातले एक पांढरे निशाण उचलून वर धरिले. लेटीने ते पाहिले, आणि तिच्या तोंडावर समाधान पसरले, आणि ती वळून मागे चालू लागली. कारण गोळाफेकीत पांढरे निशाण दिसले की वर्तुळाच्या मागल्या अंगाने बाहेर पडायचे, हेही बाईंनीच शिकविले होते.

लोक हाय हाय करू लागले. अध्यक्ष मटकन बसले. तेव्हा विनिफ्रेडबाई दोरीपलीकडे अगदी रेघेसमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि शिट्टी फुंकिली, आणि जन्मात बोलल्या नव्हत्या ऐशा आवाजात बोलिल्या, "लेटी! इकडे पहा. आज फेकणारी तू नव्हेस. आज फेकणारी मी. आज गोळा तू. आणि गोळा मध्येच थांबतो होय गं?"

लेटीने डोळे उघडिले. विचार करिते ऐसे दिसले. मग ती वळली, आणि दोन पावले घेतली, आणि अंग पुढे झोकून दिले, आणि रेघेच्या पलीकडे साडेतीन हात गवतावर ऐशी पडली की जमीन दणाणली आणि बर्कहोल्डरबाबांची काठी उडाली. बाबांनी काठी तशीच टाकून पांढरे निशाण पुन्हा वर केले. तेथून पुढे संस्थानात तिला कोणी लेटी म्हणत नाही, लेटिशियाबाई म्हणतात.

लेटिशियाबाई गवतावर पडल्या पडल्याच विचारत्या जाहल्या, "मोजणार नाही का?"

"मोजली," बाई म्हणाल्या. "पाच." आणि चौघींकडे वळून आज्ञा केली, "आता बूट सोडा." परंतु बोटे गारठून नाड्या सुटेनात, तेव्हा लांडगेवाल्यांनी खाली बसून त्या सोडिल्या.

येणेंप्रमाणे आठ संस्थानांत खारीच्या निशाणाचा आठवा क्रमांक आला, आणि पाच जणी पुऱ्या आल्या, आणि पथक कायम जाहले. खुर्च्या तळघरात गेल्या. तेथेही ते पथक बसून उत्तम खेळते ऐसे ऐकतो. सोमवारी लेटिशियाबाई गोळ्याच्या वर्तुळात उभ्या राहिल्या, आणि गोळा फेकिला, आणि पाय चार बोटे बाहेर पडला. विनिफ्रेडबाईंनी तो स्पष्ट पाहिला, आणि त्या दिवसापुरत्या काही बोलल्या नाहीत. इति.