पाव्हण्यांची टाकी

मारुती अण्णांच्या घरी मासा पाव्हणा म्हणून येतो आणि माणूस मासा म्हणून. हे वाक्य माझं नाही, आमच्या बेळगावच्या वडगावातल्या गल्लीचं आहे. पण ते खोटं आहे असं म्हणायची माझी छाती नाही. मी त्यांची भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी पेढे घेऊन गेले, तर अण्णांनी मला दारातच थांबवून कोपरापर्यंत हात धुवायला लावले. तेही साबणाशिवाय. हाताला क्रीम लावता का, अंगाला अत्तर आहे का, अशी उलटतपासणी झाली आणि मगच मला आत घेतलं. पेढ्यांचा पुडा मात्र ओट्यावरच राहिला. तो मुंग्यांनी खाल्ला.

एवढं सोवळं कशासाठी, तर आतल्या शेडमध्ये त्यांचा समुद्र आहे. पूर्वी तिथं साड्यांचे माग चालायचे. धंदा बसला, माग विकले गेले, पुढच्या खोलीत साड्यांचं दुकान आलं आणि मागं रिकामी शेड उरली. त्याच सुमारास वहिनीही गेल्या. "घर लई गप्प झालंतं बाई," असं अण्णा मला एकदाच म्हणाले. मग कुणाकडे तरी त्यांनी खाऱ्या पाण्यातले मासे पाहिले आणि त्यांना ते वेड लागलं. आता शेडमध्ये पंपांची घरघर असते, निळा उजेड असतो आणि मधोमध पलंगाएवढी काचेची टाकी असते. लाईट गेली की माशांच्या घरात उजेड आणि अण्णांच्या घरात अंधार, कारण इन्व्हर्टर फक्त टाकीला जोडलेला आहे. अण्णा मेणबत्ती लावून जेवतात.

पाणी समुद्राचंच हवं, असा त्यांचा हट्ट. पाण्यात विकतचं मीठ कालवून चालतं म्हणे, पण अण्णांना ते पटत नाही. भाच्याची गाडी घेऊन ते चोर्ला घाटातून गोव्याला उतरतात आणि प्लॅस्टिकचे कॅन भरून वर येतात. आता गोव्याहून रात्रंदिवस काय काय वर येतं हे बेळगावात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पहिल्याच फेरीला नाक्यावरच्या साहेबांनी गाडी अडवली, कॅन उघडून वास घेतला, आणि वास येत नाही म्हणजे माल फारच भारी असणार असं ठरवलं. अण्णा म्हणाले, चाखून बघा की. साहेबांनी चाखलं. त्यानंतर अण्णांची गाडी तिथं कुणी अडवत नाही.

सुरुवातीला त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. मुंबईहून पिशव्यांतून आलेले मासे त्यांनी त्याच संध्याकाळी मोठ्या टाकीत सोडले. त्यातल्या एकाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके होते. थोड्याच दिवसांत ते ठिपके सगळ्यांच्या अंगावर आले आणि टाकी रिकामी झाली. अण्णांनी दुकान बंद ठेवलं आणि विचारणाऱ्यांना सुतक आहे म्हणून सांगितलं. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून भेटायला गेल्या. कोण गेलं ते कळल्यावर परत येताना त्यांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले, ते मी शाळेत मुलांना कधी शिकवले नाहीत.

तेव्हापासून मोठ्या टाकीशेजारी एक लहान टाकी आली. तिला अण्णा 'पाव्हण्यांची टाकी' म्हणतात. तिच्यात वाळू नाही, दगड नाही, शोभा अशी काहीच नाही. फक्त पाइपाचा एक तुकडा टाकलेला असतो. नवा मासा आला की आधी तिथं राहतो. पाइप कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "नव्या जागी तेनं तोंड कुठं लपवायचं मग?" या टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी, पुसायचं फडकंसुद्धा वेगळं, आणि ओळखायला सगळ्यांना साडीच्या काठाचा लाल धागा बांधलेला. सणाला आलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीनं ती लाल धाग्याची बादली अंगण धुवायला घेतली, तर भावाबहिणीत अशी जुंपली की ती जेवायच्या आधीच शहापूरला आपल्या घरी निघून गेली.

कोरल आणलं तर आणखी मोठा सोहळा. दिसायला ते दगडावर उगवलेलं फूल, पण तोही एक जीव आहे हे अण्णांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की आता मीच लोकांना सांगते. त्याला आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचं, मोठ्या सिरिंजनं त्याच्यावर पाण्याचे फवारे मारायचे, मग चांगल्या खाऱ्या पाण्यात खळबळून काढायचं. "न्हाऊ घालायचं, मगच घरात घ्यायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बादलीच्या तळाशी पडलेले बारीक किडे ते सगळ्यांना दाखवतात, कापडातले धागे मोजायच्या भिंगातून. साडी घ्यायला आलेल्या बाईला ते किडे आधी बघावे लागतात आणि साडी नंतर.

असा हा माणूस. पण गल्लीनं त्यांना एका गोष्टीवरून कायम टोचलं. माशाला आठवडे न् आठवडे पारखणाऱ्या अण्णांनी जावई मात्र एका बैठकीत पसंत केला. त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी, माझीच विद्यार्थिनी, निपाणीला दिली. घर चांगलं, शेती चांगली, मुलाला व्यसन नाही. अण्णांनी मुलाला हात तेवढे धुवायला लावले होते.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी अश्विनी एक बॅग घेऊन बसनं आली. मारहाण, छळ असलं काही सांगण्यासारखं नव्हतं. नवरा एक शब्द बोलत नव्हता आणि बाकीचं घर गप्प बसत नव्हतं. पोरगी एवढी वाळली होती की मी तिला आधी ओळखलंच नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीला बातमी लागली आणि बायका निघाल्या. कुणाला विरजण हवं होतं, कुणाला तिळगूळ द्यायचा राहिला होता. अण्णा फाटकातच स्टूल टाकून बसले. "नवं पाव्हणं हाय आत. परवासानं दमलंय," एवढंच सांगून त्यांनी एकेकीला वाटेला लावलं. माझ्यासकट. अण्णांनी पोरीला माशांच्या रांगेला बसवलं म्हणून गल्ली पोट धरून हसली आणि मला त्यांचा भयंकर राग आला. मी रोज डबा पाठवायचे. तो जवळजवळ तसाच परत यायचा.

रविवारी तिचे चुलत सासरे आले, सोबत एक वयस्क पाव्हणे. आमच्याकडे अशा बैठकीची रीत ठरलेली आहे. पोहे खायचे, तंबाखूचं पीक कसं आहे ते विचारायचं, संसारात असं चालायचंच म्हणायचं, आणि चहा संपता संपता ओटी भरून पोरीला गाडीत बसवायचं. सगळं इतकं सरावाचं असतं की पोरीला विचारायची वेळच येत नाही. अण्णांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. म्हणाले, मला बोलायला सुधरत नाही, तुम्ही नुसत्या बसा.

पाव्हण्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि शेडमध्ये खुर्च्यांवर बसले. अश्विनी स्वयंपाकघरात होती. दार उघडंच होतं. पोहे झाले, चहा झाला. चुलत सासरे बोलणं काढायचं म्हणून लहान टाकीकडे वळले. पाइपात एक पिवळा मासा दडून बसला होता. हा एकटाच का, आजारी आहे का, असं त्यांनी विचारलं.

"आजारी न्हाय, नवा हाय," अण्णा म्हणाले. "ह्येच्यापासनं बाकीच्यास्नी रोग लागू ने म्हणून हितं ठेवायचं, असं मला बी वाटायचं. तेवढंच न्हाय ते. ह्यो लांबनं आलाय, पिशवीत गुदमरून. मोठ्या टाकीत सोडला की जुने सगळे टोचाय येत्यात. ह्यो कोपऱ्यात बसतोय, खायाचं सोडतोय, आनि मरतोय. आपण म्हणतो, रोगानं मेला."

"मग किती दिस ठेवायचा?"

"ते तेनं सांगायचं. खायाला लागला की कळतंय."

मग वयस्क पाव्हण्यांनी मुद्द्याला हात घातला. दिवस चांगला आहे, गाडी दारात आहे, अश्विनीला आजच पाठवा. अण्णा फडकं घेऊन आधीच लख्ख असलेली काच पुसत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मान डोलावणार.

"दिवाळीला आलती," काच पुसतच ते म्हणाले. "तवाबी जेवत नव्हती. मी म्हटलो, हुईल सवय. दुसऱ्या दिशी मीच नेऊन सोडलो तिला, तुमच्या दारात. माशाला करत न्हाय ते पोरीला केलो." मग ते वळले. "ती अजून जेवंना, पाव्हणं. जेवाय लागू द्या. मग कुठं जायचं ते तीच सांगंल. न्हाय म्हणाली तर न्हाय."

"लोक काय म्हणतील, अण्णा?" वयस्क पाव्हण्यांनी विचारलं.

"लोकांनी हात धुवून यावं."

पाव्हणे उठले. रागावले होते, पण दारात चपला घालताना चुलत सासरे हळूच म्हणाले, पोरीला जपा. गाडी गेली आणि मला रडू आलं. शाळेत इतकी वर्षं मुलींना मोठमोठे धडे शिकवले, पण कुणा मुलीच्या बापाला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णा मात्र कपबशा गोळा करत होते.

तेवढ्यात अश्विनी दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे सुजलेले होते. "आप्पा," ती अण्णांना म्हणाली, "भाकरी हाय काय?"

अण्णांनी कपबशा होत्या तिथंच ठेवल्या. आत जाऊन भाकरी, झुणका आणि माझ्या डब्यातलं वांगं ताटात वाढून आणलं आणि शेडमध्येच तिच्यापुढं पाट मांडला. मी तिच्या जवळ बसायला सरकले, तर अण्णांनी मला हातानंच थांबवलं.

"बाई, तुम्ही जावा आता," ते अगदी हळू म्हणाले. "कुणी बघितलं की खायाचं थांबत्यात."

मी उठले. शेडच्या दारातून बाहेर पडताना मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. अश्विनीकडे पाठ करून अण्णा मोठ्या टाकीपुढं स्टुलावर बसले होते. मासे इकडून तिकडे फिरत होते, आणि त्यांच्यामागे काचेत अश्विनीचं ताट दिसत होतं, ताटातून तोंडाकडे जाणारा तिचा हात दिसत होता. अण्णा पापणी न हलवता काचेत बघत होते. मी फाटक आवाज न करता लावलं आणि घरी आले.