वेंगसाहेब आणि बारा हिरवी पाकिटं

राऊटरच्या बाबतीत वेंगसाहेब कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते. तैवानमधल्या शिन्चूच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी राऊटर तपासले होते. भट्टीत तापवून, बर्फात गोठवून, टेबलावरून खाली आपटून. निवृत्तीच्या समारंभात मोठे साहेब म्हणाले, "वेंगच्या हातून पास झालेला राऊटर परत येत नाही." तेव्हापासून हे वाक्य वेंगसाहेब दर जेवणाला तोंडी लावायला घेत.

त्या मंगळवारी दुपारी तीनला त्यांच्या लेकीची, पेई-शानची, मुलाखत होती. कंपनी तायपेईची, पण काम घरी बसून करायचं. अट एकच. मुलाखत घरच्याच नेटवरून द्यायची, म्हणजे नेट टिकतं का ते त्यांना बघता येईल. टिकलं तर पोरगी घरी राहणार, नाहीतर तायपेईला खोली घेऊन राहायची पाळी. एकुलती एक लेक. ती गेली तर करमायचं कसं, या विचाराने वेंगसाहेबांना चार दिवस झोप नव्हती. तोंडाने मात्र एवढंच म्हणाले, "नेटची चिंता तू करू नकोस. घरात मी आहे."

अकरा वाजता नेट गेलं.

राऊटर चपलांच्या कपाटावर होता आणि त्याच्या डोक्यावर, रिवाजाप्रमाणे, हिरवं पाकीट. नारळाच्या चवीचा कुरकुरीत खाऊ. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असा. यंत्राजवळ ठेवलं की यंत्र गुणी राहतं. फक्त पाकीट हिरवंच हवं, ते फोडायचं नाही आणि त्याची तारीख उलटू द्यायची नाही. वेंगसाहेबांचा अंधश्रद्धेवर काडीचा विश्वास नव्हता, पण कारखान्यात प्रत्येक यंत्रावर ते पाकीट असायचं, आणि कारखाना चालायचा.

"बाबा, हात लावून बघा, तापलाय तो," पेई-शान म्हणाली. "जरा मोकळ्यावर ठेवा."

"मी एकतीस वर्षं..."

"माहीत आहे."

त्यांनी राऊटर बंद करून चालू केला. वायर बदलली. मागच्या भोकात टाचणी खुपसून रिसेट केला. तिसऱ्या रिसेटला राऊटर स्वतःचं नाव आणि पासवर्ड दोन्ही विसरला. ते शिकवण्यात तास गेला. नेट आलं, दहा मिनिटं राहिलं आणि पुन्हा गेलं. दिवे सगळे हिरवे, नेट मात्र नाही. वेंगसाहेब चक्रावले. असलं काही भट्टीतही झालं नव्हतं.

मग त्यांनी पाकीट उलटून पाहिलं आणि बायकोला हाक मारली.

"लान-यिंग, तारीख मार्चमधली आहे."

"मग?" बायको आतूनच म्हणाली.

"सहा महिने आपण त्याला शिळं पाकीट दाखवतोय. का नाही रुसणार?"

ते तडक बाहेर पडले. पहिल्या दोन दुकानांत पिवळीच पाकिटं. लान-यिंग फोनवर म्हणाली, "पिवळं घ्या की. आत खाऊच असतो ना?"

"पिवळा दिवा म्हणजे धोका. आता हे राऊटरला मी कसं समजावू?"

तिसऱ्या दुकानात हिरव्या पाकिटांचा अख्खा खोका मिळाला. बारा नग. एकाने राऊटर शहाणा होत असेल तर बाराने संत होईल, असा हिशेब करून वेंगसाहेबांनी दोन डोक्यावर, एक अँटेनांच्या बेचक्यात आणि बाकीची चारी बाजूंनी रचली. राऊटर दिसेनासा झाला.

"आता बघ."

"बाबा, मोबाइलवर वायफायच्या तीन कांड्या होत्या, आता एकच आहे."

"पाकिटं नीट चिकटली नसतील." त्यांनी ती आणखी घट्ट दाबली. उरलेली कांडीही गेली.

तीनला दहा कमी असताना पेई-शानने लॅपटॉप काखेत मारला. "मी खालच्या दुकानात बसते. मोबाइलच्या नेटवरून देते मुलाखत."

"आणि त्यांची अट?"

"खरं काय ते सांगेन."

ती गेली. वेंगसाहेब राऊटरसमोर स्टूल टाकून बसले. त्यांना रडू यायचंच बाकी होतं. लान-यिंग बाहेर आली, म्हणाली, "तुमच्या नादात माझं जेवण राहिलं," आणि तिने सरळ एक पाकीट उचलून फोडलं.

"अगं, काय करतेस हे? ते खायचं नसतं!"

"भूक लागलीय मला. राऊटरला नाही लागलेली."

तिने पाकीट संपवून दुसरं फोडलं. वेंगसाहेबांची नजर मोबाइलवर गेली. एक कांडी आली होती. तिसऱ्या पाकिटाला दुसरी आली. काय चाललंय ते त्यांना कळेना, पण तपासनिसाचं डोकं, हिशेब तर दिसत होता. "लान-यिंग, थांबू नकोस, खा," म्हणून ते स्वतःही बसले. नवरा-बायकोने सहा पाकिटं फस्त केली, बाकीची जमिनीवर पसरली, आणि नेट धो-धो यायला लागलं.

वेंगसाहेबांनी तत्काळ लेकीला फोन लावला. तिने उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला. एकूण चारदा लावला.

चार वाजता पेई-शान परत आली.

"नेट आलं गं," वेंगसाहेब म्हणाले. "फोन का उचलत नव्हतीस?"

"त्याच मोबाइलच्या नेटवर माझी मुलाखत चालू होती, बाबा. चौथ्या फोनला ती तुटली. परत जोडल्यावर त्यांनी विचारलं काय झालं, म्हणून मी सगळं सांगितलं. पाकिटांना आतून चंदेरी अस्तर असतं, त्यातून नेट नीट बाहेर पडत नाही. आणि सकाळच्या त्या एका पाकिटाने राऊटरची हवा कोंडली होती. म्हणून तापून त्याचं नेट बंद पडत होतं."

एकतीस वर्षं राऊटर भट्टीत घालणाऱ्या माणसाने आपल्या घरी आपणच भट्टी लावली होती. वेंगसाहेबांचा चेहरा पडला.

"म्हणजे नोकरी गेली."

"मिळाली. दुकानात बसून बिघाड ओळखला म्हणून कंपनीचे साहेब खूश झाले. फक्त म्हणाले, या घरातून काम नको. सोमवारपासून तायपेईच्या ऑफिसात यायचं."

लान-यिंगने हातातलं पाकीट खाली ठेवलं. वेंगसाहेबांना आनंद झाला, आणि लेक जाणार म्हणून वाईटही वाटलं. जमिनीवरची पाकिटं एकेक करून त्यांनी खोक्यात भरली. मग हळूच म्हणाले, "तिथलं नेट तरी नीट असेल ना गं?"

"असेल, बाबा." पेई-शानने त्यांच्या शर्टावरचा चुरा झटकला. "तिथे तुम्ही नाही ना."