तळघरातला पारधी

लाकडी धनुष्य हातात घ्यायचं मी ठरवलं, याचा दोष मी जुन्या व्हिडिओ प्लेअरला देतो. (बायको मला देते.) मे महिन्यात तळघर आवरताना तो सापडला, आणि त्याच्या पोटात अडकलेली एक कॅसेट. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'रानातला रविवार'.

आमच्या उत्तर विस्कॉन्सिनमध्ये साठीच्या आसपासच्या कुणाहीपुढे हे नाव घ्या, माणूस घटकाभर हळवा होतो. रविवारी चर्च आणि जेवण उरकलं की टीव्हीवर एमेट रोर्क यायचा. अंगात लोकरीचा चौकड्यांचा शर्ट, हातात साधं लाकडी धनुष्य आणि आवाज इतका मऊ, की बाण लागण्याआधी हरणालाही बरं वाटत असेल. माझे वडील कागदाच्या गिरणीत होते. आठवडाभर यंत्रांचा खडखडाट ऐकून ते घरी फारसे बोलत नसत. पण रविवारी मी त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसायचो आणि एमेटचा बाण सुटला, की ते मांडीवर सणसणीत थाप मारायचे. माझ्या लहानपणातला तेवढाच काय तो पिता-पुत्रांचा संवाद.

आताचे शिकारीचे कार्यक्रम मला बघवत नाहीत. धनुष्याला कप्प्या काय, दुर्बीण काय, दिवा काय. त्यातून फक्त कॉफी निघायची बाकी आहे. तेव्हा येत्या सप्टेंबरात एमेटसारखी शिकार करायची, असं मी जाहीर केलं.

"तू?" ट्रूडीने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं.

तिचा प्रश्न रास्त होता. मी जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत कारकून आहे. गेल्या नोव्हेंबरात ट्रूडीने बंदुकीने एका सकाळी दोन हरणं पाडली आणि नाश्त्याला घरी आली. त्याच सकाळी मी माझा डबा शोधत रानात हरवलो होतो. त्या दोन्ही हरणांचं मांस तिने तळघरातल्या पेटीसारख्या आडव्या फ्रीझरमध्ये जपून ठेवलं होतं, कारण जुलैत तिच्या वडिलांची ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती.

धनुष्य मला शेजारच्या एव्हरेट नुटसनने दिलं. तो गावातल्या पारंपरिक धनुर्धारी मंडळाचा सचिव आहे. "सराव मोकळ्यावर कर, हार्लन," तो म्हणाला. "मागे टेकडी असेल अशा जागी."

पण शनिवारी पाऊस लागला, आणि आमच्या तळघराला टेकडी नसली तरी भिंत आहे. मी भिंतीला गवताचा भारा टेकवला. फ्रीझर भाऱ्याच्या डावीकडे चांगला सहा फुटांवर होता. एमेट धनुष्य थोडं तिरकं धरायचा, तसं मी धरलं. बाण सोडण्यापूर्वी तो हलक्या आवाजात प्रेक्षकांशी बोलायचा, तसं मी बोलू लागलो. "वारा आपल्या बाजूने आहे," मी कुजबुजलो. "त्याला आपली चाहूल लागलेली नाही."

"कोणाशी बोलतोयस?" वरून ट्रूडीचा आवाज आला.

मी दचकलो. धनुष्याचं वरचं टोक कपड्यांच्या दोरीत अडकलं आणि बाण सुटला. भारा जिथल्या तिथे होता. बाण फ्रीझरच्या कुशीत घुसला होता, आणि आतून बराच वेळ 'स्स्स' असा आवाज येत राहिला. खरं सांगतो, क्षणभर मला वाईट वाटण्याऐवजी अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा माझा नेम कशालातरी लागला होता.

बाण उपसता येईना. जिन्यावर पावलं वाजली, तेव्हा मला एकच सुचलं. अंगातलं जाकीट काढून मी बाणावर अडकवलं.

"ही खुंटी कधी बसवलीस?" ट्रूडीने विचारलं.

"आत्ताच."

"बरं केलंस. किती दिवस सांगत होते." असं म्हणून तिने आपला ओला रेनकोटही तिथेच टांगला.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या सुतारकामाचं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं, ते मोडवेना. रविवार मी प्रार्थनेत घालवला. सोमवारी संध्याकाळी कचेरीतून आलो, तर ट्रूडी तळघरात उभी होती. तिच्या पायाशी गुलाबी पाण्याचं थारोळं होतं, आणि दोन्ही कोट खाली पडलेले होते.

"हार्लन," ती शांतपणे म्हणाली, "या खुंटीला पिसं आहेत."

मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एक पुडकं उचलून दाबून बघितलं. कडेची पुडकी मऊ पडली होती, मधली अजून गार होती. "बाबांसाठी ठेवलं होतं मी," ती म्हणाली. मला भुईत शिरावंसं वाटलं, पण तळघराच्याही खाली जायला जागा नव्हती.

मग तिने डोळे पुसले आणि फोन उचलला.

"बाबा, उद्या संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तुमचा वाढदिवस आहे."

पलीकडून सासऱ्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "माझा वाढदिवस जुलैत असतो."

"या वर्षी मेमध्ये आहे."

"का?"

"हार्लनमुळे."

"बरं," सासरे म्हणाले. त्यांना आणखी खुलासा लागला नाही.

मंगळवारी मी रजा काढून पहाटेपासून कांदे चिरले. संध्याकाळी सत्तर माणसं हरणाच्या मांसाचा तिखट रस्सा ओरपत होती, आणि जेवणाच्या ओघात खुंटीची गोष्ट टेबलाटेबलावर फिरत होती. आपली अब्रू सावरावी म्हणून मी व्हिडिओ प्लेअर, आतल्या अजून न पाहिलेल्या कॅसेटसकट, सोबत आणला होता. एमेट रोर्कला बघितलं की लोकांना माझी तळमळ कळेल, असा माझा हिशेब.

चित्र सुरू झालं. एमेट झाडाआडून सरकला, धनुष्य तिरकं केलं, कुजबुजला, बाण सोडला. हुकला. दुसरा हरणाच्या वरून गेला. तिसरा एका ओंडक्यात रुतला. चौथ्या वेळी हरणाने मागे वळून बघितलं आणि चालत निघून गेलं. एमेट कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "तरी दिवस छान गेला."

"कॅसेट चुकीची दिसतेय," मी म्हणालो. "त्याचा बाण नेहमी लागायचा."

"छे रे," सासरे म्हणाले. ते माझ्या वडिलांबरोबर त्याच गिरणीत होते. "महिन्यातून एकदा लागला तर लागला. म्हणून तर तुझा बाप बघायचा. त्यालाही शिकारीत कधी काही मिळालं नाही. तो हुकला की हा मांडीवर थाप मारायचा, आणि सोमवारी मशीनवर आम्हाला सगळं रंगवून सांगायचा. आठवडाभर हसायचो आम्ही."

वडील गिरणीत बोलायचे आणि हसवायचे, हे मला साठाव्या वर्षी कळलं. ट्रूडीने माझ्याकडे न बघता माझ्या ताटलीत रस्सा वाढला. कालपासून ती पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसली होती. मला वाटलं, संकट टळलं.

तेवढ्यात एव्हरेट नुटसन मंडळाची जाडजूड वही घेऊन उभा राहिला.

"मंडळाच्या नोंदवहीत लाकडी धनुष्याने केलेली प्रत्येक शिकार लिहिली जाते," तो गंभीरपणे म्हणाला. "हार्लनच्या शिकारीचा आम्ही आत्ताच स्वयंपाकघरात बैठक घेऊन विचार केला. वजनाने ती या तालुक्यातली आजवरची सगळ्यात मोठी आहे. पण नोंद करता येत नाही, याचं मंडळाला वाईट वाटतं."

"का बरं?" ट्रूडीने विचारलं.

"नियमाप्रमाणे जनावराला पळायची संधी द्यावी लागते," एव्हरेट वही मिटत म्हणाला. "शिवाय बांधून ठेवलेल्याची शिकार चालत नाही, आणि ते प्लगला बांधलेलं होतं."