वर्तककाकांचं शुद्धिपत्र

वर्तककाकांबरोबर सिनेमाला गेलं की सिनेमा संपल्यावर लगेच घरी जाता येत नाही. पार्किंग लॉटमध्ये काका गाडीची डिकी उघडतात, थर्मासमधला चहा कागदी पेल्यांत ओततात आणि सिनेमातल्या चुका सांगायला घेतात. इथे कॅलिफोर्नियात, आमच्या सनीव्हेलच्या मराठी मंडळात या कार्यक्रमाला 'शुद्धिपत्र' म्हणतात. काकांनी "वस्तुस्थिती अशी आहे की" अशी सुरुवात केली, की आपण निमूटपणे चिवड्यात हात घालायचा असतो.

काका-काकू आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावर राहतात. सत्तरच्या दशकात काका शिकायला सॅन फ्रान्सिस्कोत आले, पुढे रस्त्यावरच्या सिग्नलचे इंजिनियर झाले आणि आता निवृत्त आहेत. आयुष्यभर लोकांना थांबवण्याचा पगार घेतला, आता फुकट थांबवतात. स्वातंत्र्यलढ्यावरच्या हिंदी सिनेमात त्यांना भिंतीवर आजच्या पद्धतीचा विजेचा मीटर दिसतो. नायक फासावर जात असतो, थिएटरात हुंदके चालू असतात आणि काका मीटर बघत असतात.

मंडळाच्या गणपतीत आमचं ऐतिहासिक नाटक होतं, तेव्हाची गोष्ट. माझा नवरा मावळा झाला होता आणि मनगटावरचं घड्याळ काढायला विसरला होता. काका पहिल्या रांगेतून उभे राहून ओरडले, "घड्याळ!" नवऱ्याने सवयीने मनगटाकडे बघितलं आणि म्हणाला, "साडेसात." गड त्या दिवशी सर झालाच नाही.

तर, २००८च्या शेवटी एक सिनेमा आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नगरसेवकाची खरी गोष्ट. आपण समलिंगी आहोत हे उघड सांगून तो निवडून आला, आपल्यासारख्यांच्या हक्कांसाठी लढला, आणि त्याच्याच एका माजी सहकाऱ्याने सिटी हॉलमध्ये त्याला गोळ्या घातल्या. मंडळाच्या ईमेलवर या सिनेमाचा विषय निघाल्याबरोबर कुणीतरी पॉटलकचा, म्हणजे कुणी काय रांधून आणायचं याचा, विषय काढला आणि सगळे हिरिरीने भाताबद्दल बोलू लागले.

काका मात्र आमच्या दारात हजर. "अगं मुग्धा, रविवारी मोकळी आहेस का? सिनेमा तपासायचाय."

"तपासायचाय म्हणजे?"

"निखिलला विचारणार आहे, येतोस का म्हणून. त्याच्याआधी एकदा बघून ठेवतो. त्याच्या शेजारी बसून माझ्या तोंडून भलतंच काही निघालं तर?"

निखिल म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा. सॅन फ्रान्सिस्कोत राहतो, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, आणि चार वर्षांत या घरी आलेला नव्हता. मंडळात विचारलं तर "बिझी असतो हो" एवढंच उत्तर मिळायचं. खरं काय ते मला काकूंनी एकदा मेथी निवडता निवडता सांगितलं होतं.

चार वर्षांपूर्वी निखिल डॅनियलला घेऊन जेवायला आला. बराच वेळ ताटातल्या भाताशी चाळा करत बसला आणि मग त्याने सांगून टाकलं, की आम्ही दोघं एकत्र राहतो, आयुष्यभर राहणार आहोत, मार्केट स्ट्रीटवरच्या जुन्या थिएटरात आमची ओळख झाली. आणि काका म्हणाले, "ते थिएटर मार्केट स्ट्रीटवर नाही. कॅस्ट्रो स्ट्रीटवर आहे."

पोराने आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य उच्चारलं आणि बापाने त्यातला पत्ता दुरुस्त केला. निखिल उठला, बूट घातले आणि गेला. काकूंचं म्हणणं असं, की काका घाबरले होते, आणि घाबरले की ते चुका काढतात. पण हे काकूंना माहीत होतं, निखिलला नाही. तेव्हापासून महिन्यातून एकदा काकू पुरणपोळ्या घेऊन कॅलट्रेनने मुलाकडे जातात. काका त्यांना स्टेशनवर सोडतात, गाडी दिसेनाशी होईपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभे राहतात आणि घरी येऊन टीव्हीवरच्या बातम्यांत चुका शोधतात. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

तर आम्ही सिनेमा तपासायला गेलो. काका पुढे झुकून बसले होते. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी दुकानांच्या पाट्या तपासल्या, मग गाड्या, मग सिग्नल. सिग्नलपाशी मी डोळे मिटून घेतले. काही आवाज आला नाही. शेवटी खुनानंतरचा तो मेणबत्त्यांचा मोर्चा आला, सगळा रस्ता भरून माणसं मुकाट्याने चाललेली. काका मागे टेकले आणि त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना पडद्यावरचं काहीच दिसत नाही.

पार्किंग लॉटमध्ये चहा ओतला गेला. मी चिवडा घेऊन तयार होते.

"एका टेलिफोनच्या वायरीबद्दल मला शंका आहे," काका म्हणाले. "बाकी फार अभ्यास केलाय या लोकांनी. मोर्चासुद्धा बरोबर आहे."

"मोर्चाचं तुम्हाला काय माहीत?"

"चहा संपव, गार होतोय."

फोन त्यांनी आमच्या घरून केला, कारण काकू ऐकत असल्या की त्यांना बोलणं सुधरत नाही. "निखिल, बाबा बोलतोय. एक सिनेमा आलाय. ॲक्युरेट आहे." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग, "हो. हो, आय नो व्हॉट इट इज अबाउट. डॅनियललापण आण." फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "येतो म्हणाला." मग पाणी मागितलं, आणि दिलेलं पाणी तसंच टेबलावर ठेवून निघून गेले.

पुढच्या रविवारी दुपारचा खेळ. थिएटर निखिलने निवडलं होतं, कॅस्ट्रो स्ट्रीटवरचं. गाडी मी चालवली. काकूंनी पर्समध्ये आवळा सुपारीचा डबा आणला होता. थिएटरात काकांचे ओठ हलले की त्या त्यांच्या हातावर चिमूटभर सुपारी ठेवत. पलीकडे निखिल बसला होता, हाताची घडी घालून, आणि त्याच्या पलीकडे डॅनियल. बापलेकांची कोपरं एकमेकांना लागणार नाहीत याची दोघंही काळजी घेत होते. संपूर्ण सिनेमाभर काकांनी चकार शब्द काढला नाही.

बाहेर फुटपाथवर आलो. सगळे उन्हात डोळे बारीक करून उभे. शेवटी डॅनियलने धीर केला. "सो, अंकल, डिड दे गेट इट राइट?"

काकूंचा हात पर्समध्ये गेला, पण उशीर झाला होता.

"मोस्टली," काका म्हणाले. आणि मग निखिलकडे वळून मराठीत बोलू लागले. "मी होतो त्या मोर्चात. लायब्ररीतून निघालो तर बस बंद. सगळी माणसं चालत होती म्हणून मीही चाललो. कुणीतरी हातात मेणबत्ती दिली, ती सिटी हॉलपर्यंत नेली. तुझा जन्म व्हायचा होता अजून."

"बाबा, यू नेव्हर टोल्ड मी दॅट."

"माझ्या पुढे एक म्हातारा होता. म्हणजे माझ्या आत्ताच्या वयाचा. त्याने आपल्या मुलाचा हात धरला होता. त्या मुलाचा मित्र पलीकडून चालत होता, दोघांचे डोळे रडून लाल. मला तेव्हा वाटलं, काय ही माणसं, घोड्याएवढ्या मुलाचा हात धरून चालतायत." काका थांबले. "तू जेवणाच्या टेबलावर सांगितलंस ना, तेव्हा मला तोच म्हातारा आठवला होता. ते बोलायचं सोडून मी भलतंच बोललो."

निखिल थिएटरच्या पाटीकडे टक लावून बघत होता आणि अगदी काकांसारखा दिसत होता. डॅनियलला एक अक्षर कळलं नव्हतं, तरी तो दोन पावलं मागे सरकून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली होती. सिग्नल मिळाला तसे काका पुढे झाले आणि त्यांनी निखिलचा हात धरला, लहान मुलाचा धरतात तसा, मनगटाच्या वर. निखिलने तो सोडवून घेतला. मग त्याने आपला पंजा काकांच्या पंजात नीट बसवला आणि दोघं चालू लागले, इतके सावकाश, की आम्ही अर्ध्यावर असतानाच गाड्यांना सिग्नल मिळाला. एक गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला.

"वाजवू दे," काकू म्हणाल्या.