सिंधूपारची बदली

आमच्या तांबट आळीत ओटे भरपूर, पण सुभानजींना कुणी बसलेलं पाहिलं नाही. भाकरी उभ्याने, तंबाखू उभ्याने, माझ्याशी घटकाभर वाद, तोही उभ्यानेच. बसा म्हटलं की एकच उत्तर, "हुकूम न्हाय." झोपेचं काय ते विचारण्याचं धाडस मी केलं नाही.

या हुकमाची गोष्ट अशी. सिंधूच्या पलीकडे आपल्या फौजेनं एक ठाणं बसवलं होतं, त्यात हे शिपाई. सिंधू ओलांडणं आणि समुद्र ओलांडणं आमच्या भटजींच्या लेखी सारखंच. परत आलं की प्रायश्चित्त घ्या. सुभानजी म्हणत, तिथली थंडी सोसली तेवढं पुरे झालं. ठाण्यातल्या लोकांची मुदत सरली तरी बदलीची माणसं येईनात, म्हणून ठाणेदारानं यांना पुण्याला पिटाळलं. सरकारवाड्यातल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "थांबा, सांगतो." तेव्हापासून सुभानजी माझ्या दुकानाच्या पडवीत थांबले आहेत. तो कारकून पुढे वारला. हुकूम मागे घ्यायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुण्यातलं त्यांना काहीच पसंत नव्हतं. मुठेच्या काठी नेलं तर म्हणाले, नदी कुठाय? आमच्या हातोड्यांचा दणदणाट तेवढा त्यांना आवडे, कारण सिंधूचं पाणीही असंच अखंड कान खातं म्हणे. मधेच उत्तरेकडे बघून म्हणायचे, "आत्ता बाळू भाकऱ्या करपवत असंल." हा बाळू त्यांच्याच गावचा. गावातले आणखीही काही जण त्या ठाण्यात होते, आणि सुभानजी त्यांच्याबद्दल असं बोलत, की मलाच त्या परक्या मुलखाची हुरहुर लागायची.

गाव म्हणजे हडपसर. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं. पण सुभानजी तिकडे फिरकले नाहीत. सोबत्यांची बदली झाल्याशिवाय घरी जायचं नाही, असा शब्द देऊन ते निघाले होते. दर बाजारच्या दिवशी त्यांची बायको भागुबाई भाकरी-पिठलं घेऊन यायच्या आणि "चला घरी" म्हणायच्या. एकदा चिडून म्हणाल्या, "हडपसर काय अटकेपल्याड हाय व्हय?" सगळी आळी हसली. सुभानजीही हसले, पण पाय हलवला नाही.

मग उत्तरेकडची वाईट खबर पुण्यात आली. आपली तिकडची ठाणी उठली होती, तिथली माणसं कुठे गेली कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी सुभानजी रोज वाड्याच्या दारात जाऊन बदली मागतच राहिले. शेवटी मी वैतागलो. म्हटलं, "अहो सुभानजी, ठाणंच उरलं नाही. कुणाची बदली मागताय?"

"ठावं हाय," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या आदी कळलंया मला."

"मग घरी का जात नाही?"

त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. मग म्हणाले, "खबर हडपसरातबी गेली. पर खबरीवर कुनी बांगड्या फोडत न्हाई. मी हितं बदली मागतोय, म्हंजी बाळू तिकडं हाय, असं धरून बसल्यात समद्या बायका. मी घराचा उंबरा चढलो, की त्यांना काय ते कळंल."

इतके दिवस मी या माणसाची टवाळी केली होती, आणि त्याला घराची किती ओढ आहे हे आत्ता दिसत होतं. रोज संध्याकाळी तो हडपसरच्या रस्त्याकडे पाठ करून का उभा राहतो, हेही तेव्हाच उमजलं.

पुढच्या बाजाराला भागुबाईंबरोबर एक तरुण बाई आली. बाळूची बायको. हातभर हिरवा चुडा, कपाळावर ठसठशीत कुंकू. सुभानजींना काही न विचारता ती माझ्याकडे वळली. मी शहरातला, मला जास्त माहीत असणार.

"दादा, बदली कदी निघायची?"

सुभानजी जमिनीकडे बघत होते. मी हातोडा खाली ठेवला आणि सांगितलं, "निघेल. थंडी ओसरली की निघेल."

तिचा चेहरा उजळला. भागुबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग भाकरीचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं, त्या पोरीचा हात धरला आणि हलकेच म्हणाल्या, "मग ऱ्हावा तुमी हितंच."